कुरणात भरलेली शाळा
ग्राम बाल शिक्षा केंद्र : बोर्डी ते कोसबाड

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की आपल्याकडे तो इमारतींचा इतिहास होतो. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, देणगी कोणाची, दुसरा मजला कधी चढला. ग्राम बाल शिक्षा केंद्राची हकीकत या पद्धतीने दोन पानांत संपेल आणि मुद्द्याचे सगळे राहून जाईल. कारण डहाणूच्या या संस्थेने जे मोठे काम केले ते छपराखाली केलेले नाही. ते गुरे चरतात त्या कुरणात झाले, पाड्यावरच्या शेणाने सारवलेल्या अंगणात झाले, ओढ्याच्या काठाला झाले. म्हणून या स्मरणिकेसाठी हा इतिहास मोकळ्या जागेच्या बाजूने लिहिला आहे.

सुरुवात मात्र डहाणूपासून फार दूर, काठेवाडात आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मारिया माँटेसरी यांची साधने त्यांनी घेतली, पण मुलांना गोष्टी, नाटके, झाडांवर चढणे आणि नदीवर भटकणे यांचे वेड लावले ते स्वतःच्या अंगचे. १९२३ साली ताराबाई मोडक तिथे येऊन पोचल्या. मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरात १८९२ साली जन्मलेल्या, १९१४ च्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद हाती असलेल्या ताराबाईंनी ती नोकरी सोडून बालमंदिरात काम पत्करले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ग्राम बाल शिक्षा केंद्र हे या संघाचेच अपत्य. ‘शिक्षण पत्रिका’ही त्याच काळातली; तिच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी वर्षानुवर्षे केले.

पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. ते उत्तम चालले. तिथे येणारी मुले मात्र दादरचीच होती, चपला घालून येणारी, डबा आणणारी. रोममध्ये माँटेसरीबाईंनी १९०७ साली पहिले बालगृह काढले ते सान लोरेन्झो या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी. पण हिंदुस्थानात येईपर्यंत त्या पद्धतीच्या पॉलिश केलेल्या लाकडी साधनांची किंमत एवढी झाली होती की गरीब वस्तीला ती बाहेरून बघायलाही मिळू नये. गांधीजींचा आक्षेप नेमका याच खर्चावर होता. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीम या त्यांच्या शिक्षणयोजनेची व्याप्ती वाढली आणि सात वर्षांखालच्या मुलांचे, म्हणजे पूर्व-बुनियादी शिक्षणाचे काम तिच्यात आले. खेड्यात बालशिक्षण पाच-दहा रुपयांच्या साहित्यात करून दाखवायचे, हे आव्हान ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी घेतले.

जागा ठरली बोर्डी. ती का, याला कारण आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तिथे १९२० पासून होती आणि तिच्याभोवती ध्येयवादी शिक्षकांचा मेळा जमला होता. आचार्य भिसे त्यांतले अग्रणी. गाव समुद्राकाठी, घोलवड स्टेशनापासून जवळ. ओहोटीला पाणी एवढे आत जाते की किनाऱ्यावरची ओली वाळू हेच पोरांचे मैदान होते. गावात पारशी-इराणी वाडीवाले होते, शेतकरी होते, मांगेला आणि माच्छी होते, आणि गावाच्या कडेने व आतल्या डोंगराकडे वारल्यांचे पाडे.

१९४५ सालीच बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई मोरगावच्या, जन्म १९१०. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग हट्टाने शिक्षण, चांदवडची आणि पुण्याच्या हुजूरपागेची नोकरी. त्या शिक्षिका म्हणून तयार होत्या, पण लहान मुलांच्या शिक्षणाचा त्यांना अनुभव नव्हता. त्या बोर्डीला आल्या आणि १९९२ साली गेल्या तोवर या मुलखातल्याच झाल्या.

१९४५ या सालाचा या मुलखात आणखी एक अर्थ आहे, आणि संस्थेच्या इतिहासात तो सहसा येत नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या बैठकीला हजारो वारली जमले. वेठबिगारी आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी, हे दोन्ही बंद करायचे ठरले. सभेचे नेते गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. पावसाळा सरल्यावर संप झाला तो गवतकापणीच्या मजुरीसाठी. डहाणू-तलासरीतले गवत गासड्या बांधून मुंबईला जात असे आणि त्यावर सावकार, जमीनदार आणि ठेकेदार गबर होत. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पाच जण मेले, जेठ्या गांगड हे त्यांतले नाव आजही या भागात घेतले जाते.

म्हणजे ज्या कुरणांत पुढे ताराबाई-अनुताईंनी शाळा भरवली, ती कुरणे निसर्गरम्य, निर्हेतुक वगैरे नव्हती. त्या गवताला दर होता आणि त्याच्या कापणीच्या मजुरीसाठी माणसे मेली होती. शहरातल्या माणसाला मोकळे रान म्हणजे सुटी. वारली मुलाला ते कामाचे ठिकाण. सहा-सात वर्षांचा पोर सकाळी दुसऱ्याची गुरे घेऊन निघायचा आणि दिवे लागताना परतायचा. जनावर कुणाच्या शेतात शिरले की मार ठरलेला. मुलगी असेल तर काखेत धाकटे भावंड, डोक्यावर लाकडाची मोळी.

बोर्डीत पहिल्यांदा बालवाडी निघाली ती नेहमीच्या समजुतीवर: जागा करा, मुलांना बोलवा. पाड्यावरची मुले आली नाहीत. आणायला गेलेल्या बाईंना पाहून पळाली. पांढरे कपडे घातलेला शिकलेला माणूस पाड्यावर येतो तो वसुलीला किंवा धरपकडीला, एवढाच त्यांचा अनुभव होता. तेव्हा बालवाडीच उचलून पाड्यावर नेली गेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, झाडून-सारवून बसायचे. मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आया शेतावर जाण्याआधी दारात उभ्या राहून बघत. हीच अंगणवाडी. आज देशभर तो शब्द सरकारी पाटीवर असतो, त्याची पहिली जागा डहाणूतल्या पाड्यांवरची अंगणे होती.

साहित्याचा प्रश्न इथेच सुटला. रंगछटा ओळखायला पाने आणि फुले. लहान-मोठे लावायला शिंपले. मोजायला चिंचोके, खडे, गुंजा. जड-हलके कळायला दगड आणि सुकी बोंडे. अनुताईंनी ‘बालवाडी कशी चालवावी’ लिहिले ते या अनुभवाच्या जोरावर. माँटेसरी पद्धतीच्या कट्टर अनुयायांना हे भेसळ वाटे, कारण त्या पद्धतीत प्रत्येक साधनाचे माप ठरलेले आहे. माझ्या मते या भेसळीतच ताराबाईंचे कर्तृत्व आहे. पद्धतीचे तत्त्व त्यांना पक्के समजले होते, म्हणून त्यांना लाकडी साधनांची गरज उरली नाही.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. कोसबाड डहाणू आणि घोलवड यांच्या मधल्या पट्ट्यात, समुद्रापासून आत. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची शेतकी संस्था आधीपासून होती. पश्चिमेला चिकूच्या वाड्या आणि त्यांच्यापलीकडे खाजणे आणि समुद्र, पूर्वेला डोंगर आणि पाडे. बोर्डी हे गाव होते; कोसबाड म्हणजे रान. इथे विकासवाडीचा प्रयोग उभा राहिला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकींना दारे उघडी ठेवून. भावंड काखेत घेऊन येणाऱ्या मुलीला ‘घरी जा’ म्हणायचे नाही. भावंडाला पाळण्यात ठेवायचे आणि तिला वर्गात बसवायचे. आज हे कुणालाही साधे वाटेल. त्या काळी शाळेत तान्हे मूल आणणे ही शिक्षा होण्याजोगी गोष्ट होती.

तरीही गुराखी उरलेच. पाळणाघर केले तरी गाय कुठे ठेवणार? गुरे कुणीतरी राखायला हवीत, आणि मूल शाळेत गेले तर घरची मिळकत बुडते. या पेचातून कुरणशाळा निघाली. गुराखी मुले गुरे सोडतात तिथे शिक्षकाने जायचे. सोबत पेटीत पाट्या, खडू, चित्रे, थोडी पुस्तके, एखादे औषध. गुरे चरायला लागली की झाडाच्या सावलीत बसायचे. दोघे-तिघे आळीपाळीने जनावरांवर नजर ठेवतील, बाकीचे शिकतील. जनावरे पुढे सरकली की शाळाही पुढे सरकणार. वेळापत्रक गुरांच्या चरण्यावर आणि उन्हावर बेतलेले, सुटी पावसाच्या आणि लावणीच्या हिशोबाने.

या शाळेत काय शिकवले जाई, यापेक्षा तिथे कसे खेळले जाई हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. वाचन-लेखन-हिशोब होतेच. गुरांची मोजणी हा रोजचा खरा हिशोब. चुकला तर घरी खैर नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी लवकर पक्की होई. पण गुराखी मुलांकडे त्यांचे स्वतःचे मोठे भांडवल होते. सूरपारंब्या, विटीदांडू, लगोरी, झाडावर चढण्याच्या शर्यती, पानांच्या पिपाण्या, चिखलाची गुरे. ज्या मुलाला अंकांचे नाव ठाऊक नाही त्याला कुठल्या झाडाची साल कशावर चालते हे ठाऊक असते. कुठल्या पाखराने कुठे घरटे केले आहे तेही. शिक्षकाने पहिल्यांदा त्याच्याकडून शिकायचे, मग त्याला शिकवायचे. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनातून या शिकण्याची कल्पना येते.

यात मासेमारीबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण या मुलखात पोरांचे खेळणे आणि पोट भरणे तिथे सर्वांत जवळ येते. पहिल्या पावसाचे पाणी ओढ्याला आले की मासे उलट्या धारेने वर शेतांकडे चढतात. हीच वलगण. त्या दोन-चार दिवसांत पाड्यावरचे लहानथोर रात्रीसुद्धा टोपल्या, जाळी आणि मशाली घेऊन पाण्यात असतात. पाऊस लागला की खेकडे बिळाबाहेर येतात. उन्हाळ्यात डोह आटत आले की उरलेले मासे हाताने पकडायचे. बांबूचे सापळे विणायला मुलगा बापाकडून शिकतो, पाण्याची ओढ कुठे मंद आहे ते स्वतःच्या पायांनी शिकतो. अशा दिवशी घंटा वाजवून वर्ग भरवणे व्यर्थ आहे हे या संस्थेला लवकर कळले. अमेरिकेत सार्वजनिक उद्यानांतल्या तळ्यांत सरकारी केंद्रांतले मासे आणून सोडतात, माणसे परवाना काढून रविवारी गळ टाकून बसतात, आणि कित्येक ठिकाणी पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याचा नियम असतो. हा नियम वारली मुलाला समजावणे अवघड. त्याचा मासा संध्याकाळच्या कालवणात जायचा असतो. म्हणून त्याला मजा कमी येते असे मात्र नाही. करमणूक वेगळी आणि काम वेगळे अशी वाटणी त्याच्या घरात झालेलीच नसते. याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी पुढे मासेमारीच्या जाळ्याची जी चित्रे केली, ज्यांत अख्खा कागद जाळ्याच्या बारीक गाठींनी भरून गेलेला असतो, ती पाहिली की हे लक्षात येते. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

कुरणशाळेवर एक आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. मुलांना कामावर राहू देऊन शिकवणे म्हणजे बालमजुरी मान्य करणेच नव्हे का? सावकाराची गुरे राखणाऱ्या पोराची गुरे आधी सोडवा, मग त्याला पाटी द्या, असे किसान सभेचा कार्यकर्ता म्हणाला असता आणि त्याचे बरोबर ठरले असते. संस्थेने जमीनदाराशी भांडण केले नाही; तो तिचा पिंड नव्हता. तलासरीच्या लाल बावट्याने एका बाजूने वेठ मोडली आणि कोसबाडच्या टेकडीने दुसऱ्या बाजूने पाटी दिली. दोघांची वाट एक नव्हती, अनेकदा एकमेकांबद्दल फारसे प्रेमही नव्हते. पण वेठ मोडली नसती तर पुढच्या पिढीचे बाप मुलांना शाळेत घालण्याइतके मोकळे झाले नसते. स्मरणिकेत हे लिहिणे संस्थेचा कमीपणा नाही.

आकड्यांत मोजायला गेलो तर कुरणशाळा लहानच प्रयोग. तिचा पसारा कधी प्रचंड झाला नाही, आणि चांगला शिक्षक मिळाला तरच ती चाले. दिवसभर रानात हिंडणारा, उन्हाला न कंटाळणारा, मुलांच्या बोलीत बोलणारा शिक्षक पगारावर मिळणे तेव्हाही कठीण होते. पण ‘मूल येत नसेल तर शाळा जाईल’ हा विचार पुढे बराच फिरला. १९९० च्या दशकात वसईच्या विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. शाळा कामाच्या जागी नेण्याची ही रीत कोसबाडच्या गुराख्यांपासून धरली पाहिजे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. या योजनेने कुपोषणावर, लसीकरणावर मोठे काम केले. पण अंगण मागे राहिले. अंगणवाडी हळूहळू पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या एका खोलीत गेली. सेविकेच्या हाती रजिस्टरे आली, आहाराचे माप आले, वजनकाटा आला. चिंचोके आणि शिंपले कुठल्या तक्त्यात बसत नाहीत.

अनुताई टेकडीवरच राहिल्या. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उतारवयात त्यांनी डहाणू तालुक्यातल्याच दाभोण येथे मूकबधिर मुलांसाठी शाळा सुरू केली. ऐकू न येणाऱ्या वारली मुलाला शाळेत आणण्यासाठी घरोघर फिरणे हे त्यांच्या दृष्टीने पूर्वीच्या पाड्यावरच्या कामाचेच पुढचे पाऊल होते. स्त्रियांसाठी ‘सावित्री’ मासिकही त्यांनी चालवले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

मोकळ्या जागेचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरवला. उद्योगांच्या जागेवर मर्यादा आल्या, भोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यातही निर्बंध आले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर १९९६ च्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. मुंबईपासून लोकलच्या अंतरावर असूनही डहाणूत अजून झाडी आणि खाजणे दिसतात, त्यात या अधिसूचनेचा वाटा मोठा. बोर्डीचा किनारा आता सहलीचे ठिकाण झाला आहे. शनिवार-रविवारी गाड्या येतात, सुरूच्या बनात तंबू पडतात, चिकू महोत्सवाला गर्दी होते. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण चराऊ कुरण कमी झाले. जिथे गुरे मोकळी फिरत तिथे कुंपणे आली, वाड्या आल्या, फार्महाउस आले. गुरेही पूर्वीइतकी राहिली नाहीत. पाड्यावरचा तरुण आज गुरांमागे जात नाही, तो सकाळच्या गाडीने बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जातो. ज्या मुलासाठी कुरणशाळा निघाली तो मुलगा बऱ्याच अंशी उरलेला नाही, आणि हे चांगलेच झाले.

खेळाचा प्रश्न मात्र आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला काय काय हवे त्याची यादी आहे. तिच्यात खेळाचे मैदान आहे, तसेच इमारतीभोवती भिंत किंवा कुंपणही आहे. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हीही अट आहे. या निकषांवर कुरणशाळेला आज मान्यता मिळाली नसती. दुसरीकडे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा म्हणते, स्थानिक साहित्य वापरा म्हणते, आणि त्यासाठी शहरांतून प्रशिक्षणे होतात, किटच्या पेट्या छापील सूचनांसह जिल्ह्याजिल्ह्यांत पोचवल्या जातात. त्या पेट्यांत प्लास्टिकचे मणी असतात. डहाणूतल्या एखाद्या सेविकेने त्यांच्या जोडीला गुंजा आणि शिंपले काढून ठेवले, तर तिला ते कुणी शिकवावे लागत नाही. तिच्या आजीने कदाचित ताराबाईंच्या अंगणात ते मोजले असतील.